नीळ लावलेली दारं

मुंबईत बाईमाणसाला कुठे जाता येतं, याचा नकाशा कुणी छापलेला नाही. पुरुषांचा प्रश्न नाही, त्यांना भिंत पुरते. बायकांचा नकाशा अनसूयाकाकी परबांच्या डोक्यात होता, लालबागपासून थेट गिरगाव चौपाटीपर्यंतचा. तो कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण होते आणि आमच्या मजल्यावर माझंच अक्षर दुसऱ्याला लागत असे.

काकी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. मूळची मालवणकडची. परबकाका गिरणीत साच्यावर, पदरी एक मुलगी, शैला. काकी अंगाने रुंद आणि आवाजाने त्याहून रुंद. तिने तिसऱ्या मजल्यावरून कोथिंबीरवाल्याला हाक मारली की समोरच्या चाळीतले दोन फेरीवालेही थांबायचे आणि आपलं काय चुकलं म्हणून वर बघायचे.

तिच्या काही सवयी होत्या. ती दिवसातून तीनदा अंघोळ करायची. लुगडी सगळी गडद, जांभळी नाहीतर काळपट हिरवी. धुणं दोन वेळा, आणि दोरीवर लुगडं आधी पसरून त्याच्या आत काहीबाही वाळत घातलेलं असायचं. कुणाच्या घरी गेली तर उंबऱ्याजवळच बसायची, पाटावर नाही, खाटेवर तर कधीच नाही. चहा विचारला तर "आत्ताच घेतलंय" म्हणायची. दिवसभरात कधीही विचारा, तिने आत्ताच घेतलेला असे.

आणि ती हसत नसे. स्वभावाने आनंदी बाई, पण गॅलरीत कुणी गमतीची गोष्ट सांगायला लागलं की शेवट यायच्या आत काकी उठून खोलीत जायची. आमच्या चाळीतल्या सामंतांना आपण फार विनोदी आहोत असं वाटे. काकीने त्यांची एकही गोष्ट पुरी ऐकली नाही. ते मनाला लावून घेऊन सामंत एकदा माझ्या वडिलांपाशी म्हणाले, "परबीणबाईंना विनोदाची जाण नाही."

या सगळ्यावरून चाळीने काढलेला निष्कर्ष असा, की काकी कडक सोवळ्याची आहे. तीन अंघोळी, दोनदा धुणं, कुणाच्या हातचं पाणी नाही. रोज बांगड्याची कढी खाणाऱ्या बाईचं हे कसलं सोवळं, हे कुणी विचारलं नाही. काकीनेही खुलासा केला नाही. सोवळी म्हणवून घेणं तिला परवडत होतं.

खरी गोष्ट वेगळी होती. शैलाच्या वेळी काकी तीन दिवस अडली. सुईणीने हात टेकले तेव्हा तिला इस्पितळात नेलं, तिथे चिमटा लावून मूल काढलं. मूल जगलं, आई जगली, देवाला नारळ फुटला. त्यानंतर काकीची लघवी काकीच्या ताब्यात राहिली नाही. शिंकलं की जायची, कळशी उचलली की जायची, हसलं की जायचीच. शैलाचं डोकं जन्मतः मोठं होतं म्हणून हे झालं असं काकीचं मत. ते डोकं पुढेही मोठंच राहिलं आणि गणितात दरवर्षी पहिलं येत गेलं, त्यामुळे तिला बोल लावायचीही सोय राहिली नाही.

नऊ वर्षं काकीने हे कुणाला सांगितलं नाही. परबकाकांना माहीत असणारच, दहा बाय बाराच्या खोलीत किती लपणार. पण त्यांनीही तो विषय काढला नाही, आणि न काढणं हाच त्यांनी आपल्या परीने दाखवलेला समजूतदारपणा होता. काकीने स्वतःपुरता एक नियम केला होता: आपल्या मोरीपासून अर्ध्या तासाच्या पलीकडे जायचं नाही. मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातली पडद्याआडची ती जागा, जिथे अंघोळ, भांडी आणि बायकांचं बाकीचं सगळं उरकायचं. संडास गॅलरीच्या टोकाला, पण तिथे रांग. काकीचं सगळं आयुष्य त्या मोरीला बांधलेलं होतं. नऊ वर्षांत ती माहेरी गेली नाही, लग्नांना गेली नाही. लग्नाआधी गावात जत्रा, नाटक, भांडण, जिथे चार माणसं जमतील तिथे ती पुढे असायची, असं तिची बहीण सांगायची. मला हे सगळं समजलं तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग आला. कुणाचा ते नेमकं सांगता येणार नाही. बहुतेक आम्हां सगळ्यांचाच, शेजारी राहून तिला सोवळी म्हणणाऱ्यांचा.

मग संयुक्त महाराष्ट्राची धामधूम सुरू झाली. रोज सभा, रोज मोर्चे. आमची चाळ सकाळी उठायची ती घोषणा देतच. काकीचा आवाज या कामासाठीच घडवल्यासारखा होता. ती गॅलरीत उभी राहून "मुंबईसह..." म्हणायची आणि खाली रस्त्यावरचे अनोळखी लोक उरलेली घोषणा पूर्ण करायचे. पण जिना उतरून ती कधी मिरवणुकीत गेली नाही. लोक बोलायला लागले. सामंत म्हणाले, "गॅलरीतून लढणं सोपं असतं." ते काकीला ऐकू गेलं.

त्याच आठवड्यात समितीचे कार्यकर्ते आले. बायकांचा मोर्चा निघणार होता, लालबागहून चिंचपोकळी, भायखळा, ग्रँट रोड करत गिरगाव आणि शेवटी चौपाटीवर सभा. प्रत्येक चाळीतून बायका हव्या होत्या. काकीने दारात उभं राहून सगळं ऐकलं.

"वाटेत खंय थांबतलास?" तिने विचारलं.

"थांबायचं नाही काकी. आता मुंबई मिळेपर्यंत थांबायचं नाही," कार्यकर्ता म्हणाला. तो तेवीस-चोवीस वर्षांचा असेल.

काकीने पदर खोचला. "मी येतंय," ती म्हणाली. "पण रस्तो मी बघतलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर काकी करंडा घेऊन तयार. "मास्तरणी, वही घे," म्हणाली. कुठे, कशाला, काही नाही. आम्ही चिंचपोकळीच्या दिशेने निघालो आणि काकी तळमजल्यावरची एकेक खोली पाहत चालली. घरात बाई दिसली की तिला हळदीकुंकू लावायची. हळदीकुंकू लावणाऱ्या बाईला दारातून घालवता येत नाही. बाई खूश झाली की काकी म्हणायची, "मोर्चाच्या दिवशी एखाद्या बाईक अडचण झाली तर तुमची मोरी मिळात?" बहुतेक जणी म्हणत, "मिळेल की, त्यात काय." मग काकी चौकटीवर हळदीकुंकवाचं बोट ओढायची आणि मी वहीत लिहायचे, कुठली चाळ, कितवं दार, मोरीला पडदा आहे की नाही. एकीने विचारलं की इतक्या बायकांना अडचण येईल असं कशावरून. काकी शांतपणे म्हणाली, "बायलमाणसां आसत ती." दर अर्ध्या तासाच्या चालीवर एक दार, असा तिचा हिशोब. तिच्याच सोयीचा तो होता, पण तेव्हा मला वाटलं, काय ही बाई दुसऱ्यांची काळजी करते. वाटेत दोनदा तीही त्या मोऱ्या बघायला आत गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी आम्ही डिलाईल रोडला गेलो. तिथल्या बायका चिंचपोकळीच्या पुलावर आम्हाला मिळणार होत्या आणि त्यांची पुढारीण होती सरूबाई कांबळे. गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला, काटक, बोलायला फटकळ. काकीच्या मोऱ्यांची आणि कुंकवाच्या बोटांची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. धर्म बदलून त्या लोकांना वर्षही झालं नव्हतं. खोली झाडून लख्ख, भिंतीवर जुन्या देवांच्या तसबिरींच्या जागा फिक्या चौकोनांनी उरलेल्या.

काकी सवयीने उंबऱ्याशी बसली. सरूबाई म्हणाली, "आत या की."

"हय बरी आसय."

सरूबाईने चहा टाकला. तिघींसाठी कप भरले. काकी म्हणाली, "माका नको गो. आत्ताच घेतलंय."

खोलीत एकदम गार झालं. मलाही उशिरा कळलं. उंबऱ्याशी बसलेली मराठ्याची बाई, हातात कुंकवाचा करंडा, आणि चहाला नाही म्हणते आहे.

सरूबाईने काकीपुढचा कप उचलला नाही. नुसती म्हणाली, "कुठं घेतला? दोन तास झालं तुम्ही या रस्त्यावर आहात. मी बघते खिडकीतून. कुणाच्या घरात गेल्या नाय तुम्ही चहाला." मग माझ्याकडे वळून, "बाई, मोर्चात आमच्या बायका येतील. मुंबई आमची पण आहे. पण हिला सांगा, आमच्या दाराला कुंकू लावायचं नाय. आम्ही सोडलं ते. आणि आमच्या मोरीत जायला तिला चालायचं नाय, तर तिचं तिने बघावं."

  काकी उठून जाऊ शकली असती. तशी सवय तिला होतीच. आणि ती उठून गेली असती तर डिलाईल रोडच्या बायकांनी तिला जन्मभर काय समजलं असतं हे तिला दिसत होतं. ती उंबऱ्यावरून सरकत आत आली आणि सरूबाईच्या अगदी जवळ येऊन बसली.

"तुझ्या चायचा काय नाय गो," ती म्हणाली. "माका लघवी ऱ्हवना नाय. चेडवाच्या, शैलाच्या वेळेपासून. नऊ वर्षां झाली. चाय घेतलंय तर तुझ्या जमनीर होतली. म्हणान दारात बसतंय. म्हणान कोणाकडे घेणंय नाय. बामणाकडे पण घेणंय नाय."

 मी वहीकडे बघत होते. नऊ वर्षांचं सोवळं असं एका दमात फिटलं आणि त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

सरूबाईने विचारलं, "शिंकताना जाते?"

"शिंकताना, हसताना."

"वजन उचललं की?"

काकीने मान हलवली.

"मग माझ्यासारखंच," सरूबाई म्हणाली. "धाकट्याच्या वेळपासून. मी साच्यापाशी उभी राहते आठ तास. कपडा घेते. तुम्ही काय घेता?"

"जुन्या लुगड्याचो. दुहेरी."

"चौपदरी घ्या. दुहेरीने काय होतंय." आणि मग ती हसायला लागली. काकी तिच्याकडे घाबरून बघत राहिली, कारण तिला हसू येत होतं आणि ती दारापासून लांब बसली होती. सरूबाईने तिचा हात धरला आणि म्हणाली, "हसा की. मोरी तिथंच आहे."

त्या दिवशी काकीने चहा घेतला. पूर्ण कप, बशीत ओतून, फुंकर मारून. नंतर मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा सरूबाईने तिला दवाखान्यातल्या नर्सने शिकवलेला उपाय सांगितला. लघवी अडवावी तसं आतून आवळायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. रोज, कुठेही बसल्या बसल्या. आणि पाणी तोडायचं नाही, पाणी तोडलं की जळजळ वाढते. काकीने नऊ वर्षं पाणी तोडूनच काढली होती.

खुणेचा प्रश्न राहिला होता. "कुंकू नको तर मगे काय लावया?" काकीने विचारलं. सरूबाईने मोरीच्या फळीवरून कपड्यांची निळीची डबी काढली आणि ओलं बोट चौकटीवर ओढलं. काकीला ते पटलं. नीळ सगळ्यांच्या घरात असते, विधवेलाही चालते, कुणाच्या देवाची नसते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही निळीनेच खुणा केल्या आणि लालबागची आधीची कुंकवाची बोटं पुसून तिथेही नीळ लावली. भायखळ्याच्या पुढे एका मुसलमान बाईने आमचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, "आ जाव, आ जाव, इसमें पूछने का क्या" म्हणाली आणि चौकटीवर स्वतःच्या हाताने तीन बोटं ओढली. खोताच्या वाडीत एका ख्रिस्ती म्हातारीने किती बायका येणार ते विचारलं, आकडा ऐकून छातीवर क्रूस केला, आणि मग म्हणाली की सगळ्या येऊ देत, फक्त वहाणा बाहेर काढायच्या.

मोर्चाच्या आधी दोन दिवस साध्या कपड्यातला एक पोलीस त्या रस्त्यावर दारोदार फिरला. निळ्या खुणा कसल्या, असं विचारत होता. बायकांनी त्याला सांगितलं, डास येत नाहीत. त्याने ते लिहून घेतलं म्हणतात.

मोर्चा निघाला. मी काकीच्या मागे होते. सरूबाई चिंचपोकळीच्या पुलावर तीनशे बायका घेऊन उभी होती. काकी घोषणा देत चालली, आणि अर्ध्या तासाने एखाद्या निळ्या दारात शिरे, आणि पाच मिनिटांनी पुढच्या घोषणेच्या मध्यात पुन्हा सापडे. तिच्या मागून हळूहळू इतर बायका जायला लागल्या. पहिल्यांदा लाजत, नंतर रांग लावून. त्यांत कितीजणी बाळंतपणातून हेच दुखणं घेऊन आल्या होत्या, ते मला ठाऊक नाही. कमी नसाव्यात.

चौपाटीवर सभा सुरू झाली. बायका वाळूत बसल्या. पुढारी मोठे वक्ते होते आणि त्यांना आपण मोठे वक्ते आहोत हे माहीत होतं. पाऊण तास झाला. काकी पहिल्या रांगेत बसून आवळत होती आणि मोजत होती. या व्यायामात तिचा चेहरा इतका गंभीर होई की पुढारी सगळं भाषण तिच्याकडेच बघून करत होते. इतका एकाग्र श्रोता त्यांना मिळाला नसावा.

मग काकी उठली. समोरच्या गल्लीत आमचं शेवटचं निळं दार होतं आणि तिकडे जायचा रस्ता व्यासपीठाच्या समोरून.

"भगिनींनो!" पुढारी गरजले. "कुणीही जागा सोडू नका! आपण उठून जावं, हेच सरकारला हवं आहे!"

काकी थांबली. वळली. कोथिंबीरवाल्याला हाक मारायचा तो आवाज तिने लावला. लाउडस्पीकरची तिला गरज नव्हती.

"सरकाराक काय व्हया ता माका म्हायत नाय," ती म्हणाली. "माका मोरी व्हयी."

 मग हसू सुरू झालं, पहिल्या रांगेपासून मागे मागे, आणि त्या हशात सरूबाई उठली. तिच्यामागे दहा जणी उठल्या. मग किती उठल्या ते मोजणं शक्य नव्हतं. पुढाऱ्यांनी हातातला कागद दोनदा उलटसुलट केला आणि "जय महाराष्ट्र" म्हणून खाली बसले. काकी सगळ्यांच्या पुढे चालत होती आणि चालता चालता हसत होती, तोंडाला पदर न लावता, खांदे हलेपर्यंत. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. थोडं गेलंच, असं तिने मला नंतर सांगितलं. पण सांगताना पुन्हा हसली.

तिचं दुखणं बरं झालं नाही. कमी झालं. शिंक आली तर चौकट धरावी लागायचीच. पण ती त्या उन्हाळ्यात बोटीने माहेरी जाऊन आली, आणि सामंतांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकायला लागली. त्या मुळीच विनोदी नसतात, हे तिला तेव्हा कळलं.

माझं लग्न होऊन मी दादरला गेले. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, त्याच चाळीत आले. मीही अडले. मलाही चिमटा लावला. मुलगा झाला, नारळ फुटला. पुढचं मी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. मी शिकलेली, मास्तरीण, काकीबरोबर वही घेऊन फिरलेली, आणि तरी मला तोंड उघडवेना. आपल्यावर आलं की हे असं होतं हे मला तेव्हा समजलं, आणि माझीच मला लाज वाटली.

बाराव्या दिवशी बारसं. खोली बायकांनी भरलेली. पाळण्याभोवती गर्दी, मूल कुणासारखं यावर वाद. आई म्हणाली, "उठ गं, सगळ्यांच्या पाया पड." मी खाटेवरून उठेना. उठले असते तर सगळ्यांना दिसलं असतं. आई दुसऱ्यांदा म्हणाली, मग जरा चिडून तिसऱ्यांदा.

काकी आली होती. तिने पाळण्यात डोकावलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग पुढे येऊन तिने माझ्या दंडाला धरून मला उठवलं, आणि मी उठताच माझ्या मागे उभी राहिली, सगळी रुंदी घेऊन.

"पाया मगे," ती मोठ्याने म्हणाली. "बारशाक बाळंतिणीन पयली मोरी शिवची लागता. आमच्या मालवणात तशी रीत आसा."

अशी रीत मालवणात नाही, कुठेच नाही. पण आईने ती लगेच मानली. धाकट्या बहिणीच्या बारशाला आईने तिलाही सगळ्यांच्या आधी मोरीत नेलं, आणि आमच्या घरात ते अजून चालू आहे.

परबकाकांनी गिरणी सोडली होती आणि बारशाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच ती सगळी गावी गेली. काकीला मी पुन्हा पाहिलं नाही. म्हणजे मी तिला शेवटचं पाहिलं ते असं: मी मोरीत, मध्ये पडदा, आणि पडद्याच्या फटीतून दिसणारी तिची जांभळ्या लुगड्यातली पाठ, बायकांकडे तोंड करून राखणीला उभी.

मान न वळवता तिने हळू आवाजात विचारलं, "कितके दिस?" इतका हळू आवाज तिच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

"रड," काकी म्हणाली. "माका सांगूक नऊ वर्षां लागली. तुका बारा दिस. शिकल्याचो ह्यो फायदो."

आणि मागे न बघता तिने पडद्याच्या फटीतून चौपदरी घडी घातलेला कपडा आत दिला.